उशाशी कोण होतं?

मे १८३२. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोजवळच्या लीथ बंदरात पटकीची साथ चालू होती. तिथला डॉक्टर थॉमस लॅटा एका म्हाताऱ्या बाईच्या खाटेशी उभा होता. बाई जवळजवळ गेल्यातच जमा होती आणि करता येण्यासारखे सगळे उपाय करून झाले होते. लॅटानं तिच्या हाताच्या शिरेत नळी घातली आणि कोमट मिठाचं पाणी हळूहळू आत सोडायला सुरुवात केली. बराच वेळ काहीच फरक दिसेना. मग श्वास मोकळा झाला, खोल गेलेल्या डोळ्यांत तेज आलं, गार पडलेल्या हातापायांना ऊब आली आणि लागत नव्हती ती नाडी बोटांखाली उडू लागली. अर्ध्या तासात सहा पाइंट पाणी गेलं. बाई स्वच्छ आवाजात बोलू लागली. आता काही त्रास नाही, थोडी झोप मिळाली की झालं, असं तिचं म्हणणं होतं. लॅटा तिला रुग्णालयाच्या सर्जनवर सोपवून निघून गेला.

तो गेल्यावर थोड्याच वेळात तिला पुन्हा उलट्या-जुलाब सुरू झाले. पुन्हा पाणी कुणी दिलं नाही. साडेपाच तासांत बाई गेली.

वैद्यकाच्या पुस्तकांत ही गोष्ट ‘शिरेतून दिलेलं पहिलं सलाइन’ म्हणून येते आणि बहुतेक वेळा बाई उठून बोलली इथंच संपते. मला तिचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पाणी तेच होतं, शीर तीच होती, रोगही तोच होता. बदललं होतं ते एवढंच की तिच्याकडे बघणारा माणूस उठून गेला होता. लॅटानं स्वतःच पुढे लिहिलं की तोच उपाय पुन्हा केला असता तर ती वाचली असती, याबद्दल त्याला शंका नव्हती.

ग्रामीण रुग्णालयांत तीस वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालंय: अत्यवस्थ माणसाच्या अंगातून गेलेलं पाणी भरून काढणं म्हणजे बाटली लावणं, ही आपली समजूतच चुकीची आहे. बाटली हे साहित्य आहे. उपचार म्हणजे उशाशी बसून काय गेलं, किती गेलं, अजून जातंय का, हे मोजत राहणं आणि त्याप्रमाणे हात बदलत राहणं. हे मोजणारं माणूस नसेल तर सलाइन कधी वाया जातं आणि कधी जीव घेतं.

लॅटाच्या आधी काही महिने विल्यम ब्रूक ओ’शॉनेसी नावाच्या बावीस वर्षांच्या आयरिश तरुणानं इंग्लंडच्या सुंदरलँड भागात जाऊन पटकीच्या रुग्णांचं रक्त तपासलं होतं. रक्तातलं पाणी आणि क्षार मोठ्या प्रमाणात कमी झालेले त्याला दिसले, आणि जे रक्तात नव्हतं ते जुलाबात होतं. मग जे बाहेर गेलं ते परत आत घाला, इतका साधा त्याचा हिशेब होता. त्या काळी बाकीचे डॉक्टर पटकीच्या रुग्णाची शीर उघडून उरलंसुरलं रक्तही काढत होते. हाच ओ’शॉनेसी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं त्यानंच उभं केलं. त्याचं नाव आपल्याकडे घेतलं जातं तेही तारांसाठीच. तेव्हा आपल्या गावांत मात्र पटकी म्हणजे मरीआईचा कोप. तिचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडायचा आणि पुढच्या गावानं तो त्याच्या पुढे ढकलायचा. जुलाब लागले की पाणी तोडायचं, ही समजूत तर माझ्या लहानपणापर्यंत घरोघर होती. आजीनं जुलाब झालेल्या नातवाच्या हातातला तांब्या काढून घेतलेला मी पाहिलाय. तिचं प्रेम कमी नव्हतं. प्यायलेलं पाणी तसंच बाहेर येतं हे तिला दिसत होतं, एवढंच.

आता आपण दुसऱ्या टोकाला गेलोय. अशक्तपणा आला, लावा सलाइन. ताप उतरत नाही, लावा सलाइन. ‘ताकदीची बाटली’ मागणाऱ्या माणसाला मी सांगत आलोय की पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. एका भाकरीत त्याहून जास्त ताकद आहे. साध्या सलाइनच्या अर्ध्या लिटरात साडेचार ग्रॅम मीठ असतं; दोन बाटल्या लावल्या की नऊ ग्रॅम. मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याला ‘नॉर्मल’ सलाइन म्हणतात खरं, पण त्यातलं क्लोराइड रक्तातल्या क्लोराइडच्या दीडपट असतं.

शिरेत सोडलेलं पाणी शिरेत राहतं, ही दुसरी समजूत. साठ किलोच्या माणसाच्या अंगात साधारण छत्तीस लिटर पाणी असतं. त्यातलं चोवीस लिटर पेशींच्या आत आणि बारा लिटर पेशींच्या बाहेर. त्या बारातलं रक्तवाहिन्यांत असतं ते फक्त तीनेक लिटर. मिठाचं पाणी या बारा लिटरांत पसरतं. म्हणजे एक लिटर दिलं तर थोड्या वेळानं रक्तात उरतं पावलिटर. बाकीचं पाऊण लिटर कातडीखाली, आतड्यांत, फुप्फुसांत झिरपतं. पायाच्या नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडतो, तो याच पाण्याचा. ग्लुकोजच्या पाण्याचं तर आणखीच. ते पेशींतही शिरतं, आणि लिटरातलं शंभर मिलीसुद्धा रक्तात उरत नाही.

म्हणून आधी विचारायचं असतं ते काय गेलं. पटकीत पाणी आणि क्षार जातात. तेच परत द्यावे लागतात, आणि हात आखडून चालत नाही. बंद पडत चाललेली नाडी तासाभरात परत येते आणि माणूस उठून बसतो. वैद्यकात इतका झटपट आणि इतका उघड गुण दुसऱ्या कुठल्या उपायाला क्वचितच येतो. भाजलेल्या माणसाचंही असंच. जळालेल्या कातडीखालच्या वाहिन्या गळतात आणि रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपत राहतो. पन्नास किलोच्या बाईचं चाळीस टक्के अंग भाजलं असेल तर डॅलसच्या पार्कलंड रुग्णालयात तयार झालेल्या सूत्रानं पहिल्या चोवीस तासांत आठ लिटर रिंगर लॅक्टेट नावाचं क्षारांचं पाणी लागतं, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्यापासून मोजायचे असतात, दवाखान्यात पोचल्यापासून नाही. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला यायला पाच तास लागले असतील आणि वाटेत काहीच दिलं नसेल, तर चार लिटर तीन तासांत द्यावे लागतात. तेही सूत्रावर डोळे मिटून नाही. दर तासाला लघवी किती झाली ते बघायचं. तीस मिलीच्या खाली गेली तर वाढवायचं, पन्नासच्या वर गेली तर कमी करायचं. सूत्र फक्त सुरुवात करून देतं. पुढचा निर्णय लघवीची पिशवी देते. ती दर तासाला बघणारं कुणी नसेल तर सूत्राचा उपयोग नाही.

रक्त जात असेल तर गणित पार बदलतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सैनिकी रुग्णालयांत काम करणाऱ्या वॉल्टर कॅननला आणि त्याच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट लक्षात आली होती. रक्तस्राव थांबवायला सर्जन तयार नसेल आणि आपण आधीच पाणी देऊन रक्तदाब वर नेला, तर जपायला हवं तेच रक्त आणखी वाहून जातं. १९१८ सालची ही समज पुढे बरीच दशकं मागे पडली. जखमी आला की दोन्ही हातांत सुया आणि बाटल्या फुल स्पीडनं, असंच आम्हीही शिकलो. १९९४ साली ह्यूस्टनमधून एक अभ्यास आला. गोळी किंवा चाकू छाती-पोटात लागलेले ५९८ जखमी. काहींना रस्त्यातच सलाइन सुरू केलं, काहींना ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत दिलं नाही. लगेच दिलेल्यांतले ६२ टक्के जगले, थांबून दिलेल्यांतले ७० टक्के. कारण समजायला कठीण नाही. नळाची गळती चालू असताना टाकीत पाणी ओतलं की गळती वाढते. शिवाय गार पाण्यानं अंग गार पडतं, रक्त पातळ होतं आणि नुकती धरलेली गुठळी सुटते. रस्त्यावरच्या अपघातात पहिली गरज असते ती जखमेवर दाबून धरलेल्या हाताची. मग तीन तासांच्या आत रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं इंजेक्शन, मग रक्त आणि सर्जन. यातलं पहिलं कुणालाही जमतं, आणि नेमकं तेच सोडून जमलेली माणसं ‘सलाइन लावा, सलाइन लावा’ म्हणून ओरडत असतात.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते २०११ साली आलेल्या आफ्रिकेतल्या अभ्यासानं. कॅथरिन मेटलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या रुग्णालयांत तीन हजारांहून अधिक तापानं फणफणलेल्या, हातपाय गार पडलेल्या मुलांवर उपचार केले. जुलाबाची आणि फार कुपोषित मुलं त्यात घेतली नव्हती. काही मुलांना शिरेतून भराभर पाणी दिलं, काहींना तसं न देता बाकीचे उपचार केले. सगळ्या जगाची अपेक्षा होती की पाणी दिलेली मुलं जास्त जगतील, माझीही होती. अठ्ठेचाळीस तासांत पाणी न दिलेल्या मुलांतली ७.३ टक्के दगावली, दिलेल्यांतली साडेदहा टक्के. अभ्यास मधेच थांबवावा लागला. त्यातला एक तपशील मी विसरू शकत नाही. पहिल्या तासाभरानंतर पाणी दिलेली मुलंच जास्त बरी दिसत होती. हात ऊबदार, नाडी भरलेली. डॉक्टरनं समाधानानं पुढच्या खाटेकडे वळावं, अशी. आणि नंतर तीच जास्त दगावली. सहा वर्षांनी झांबियातल्या मोठ्या माणसांच्या अभ्यासातही तेच. जंतुसंसर्गानं रक्तदाब उतरलेल्या रुग्णांत ठरलेल्या क्रमानं भरपूर पाणी दिलेल्यांपैकी ४८ टक्के मेले, नेहमीच्या पद्धतीनं उपचार केलेल्यांपैकी ३३ टक्के.

याचं एक उत्तर असं दिलं जातं की तिथं व्हेंटिलेटर नव्हते, अतिदक्षता विभाग नव्हता. मान्य. पण आपल्या तालुक्यांच्या रुग्णालयांत तरी ते किती आहेत? श्रीमंत देशांतल्या अतिदक्षता विभागातून उचललेला नियम तिथली यंत्रं आणि तिथल्या नर्सेस मागे ठेवून एकटाच इथं येतो. तिथं बाटली चढवल्यावर दर मिनिटाला पडद्यावर आकडे बघणारं माणूस असतं. नियमात ते लिहिलेलं नसतं, पण नियम उभा असतो तो त्याच्याच जिवावर.

या अभ्यासाचा उलटा अर्थ लावून सलाइनलाच घाबरणारेही मला भेटलेत, आणि तेही तितकंच घातक. जुलाबानं सुकलेल्या पोराला, बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला, भाजलेल्या माणसाला पाणी आणि रक्त देताना हात आखडला तर तो मृत्यू आपल्याच माथी. म्हणून ‘सलाइन चांगलं की वाईट’ हा वादच मला निरर्थक वाटतो. तसा वाद आपण इन्शुलिनबद्दल घालत नाही. किती युनिट, कुणाला आणि साखर कधी तपासली, एवढंच विचारतो.

कोकणातल्या लाल विंचवाची गोष्ट यासाठीच सांगावीशी वाटते. विंचू चावलेली मुलं घामानं आणि उलट्यांनी निथळत यायची, अंग गार पडलेलं असायचं. वरवर बघणाऱ्याला वाटावं, पाणी कमी झालंय, लावा बाटली. पण विषानं वाहिन्या आवळलेल्या असत, हृदयावर ताण आलेला असे, आणि मुलं फुप्फुसांत पाणी भरून जात. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या खाटेशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींतूनच आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची गोळी द्यायची कल्पना निघाली, आणि ती गोळी जगभर पोचली. हा शोध मोठ्या प्रयोगशाळेतला नव्हता. खाटेजवळच्या स्टुलावर बसून लागलेला होता.

माझी स्वतःची चूक इथं सांगायला हवी. पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते आणि वॉर्डात डेंग्यूच्या खाटा भरलेल्या होत्या. अकरा वर्षांचा, तीस किलोचा एक मुलगा. ताप उतरला आणि त्याच दिवशी हातपाय गार पडले. रक्तदाब नव्वदला शहात्तर; पीसीव्ही, म्हणजे रक्ताच्या घट्टपणाचा आकडा, पन्नास. डेंग्यूत ताप उतरताना वाहिन्या गळू लागतात. रक्तातलं पाणी बाहेर जातं आणि रक्त घट्ट होतं. त्याला रिंगर लॅक्टेट सुरू केलं, नाडी सुधारली. मी कागदावर तासाला दोनशे मिली लिहिलं आणि साप चावलेला रुग्ण आला म्हणून दुसऱ्या इमारतीत गेलो. त्यानंतर एकामागून एक कामं येत गेली. दुसऱ्या दिवशी राउंडला मुलगा बसून बोलत होता. सगळे विचारतात तेच मीही विचारलं, ‘प्लेटलेट किती?’ आकडा बघितला आणि पुढे गेलो. दोनशेचा आकडा कागदावर तसाच राहिला.

डेंग्यूतली गळती एक-दोन दिवसांची असते. मग वाहिन्या पुन्हा धरतात आणि बाहेर गेलेलं पाणी आपणहून परत रक्तात येऊ लागतं. त्याच वेळी वरून बाटली चालू असेल तर माणूस आतून बुडतो.

रात्री दोनला सिस्टरांचा फोन आला. ‘सर, येता का? मी सलाइन बंद केलंय. ऑर्डर नाहीये, पण मी बंद केलंय.’ मी गेलो. मुलाच्या पापण्या सुजल्या होत्या, श्वास मिनिटाला चाळीसच्या वर होता, पाठीला नळी लावली तर खाली बुडबुडे ऐकू येत होते. सिस्टरांनी त्याला उठवून बसवलं होतं आणि ऑक्सिजन लावला होता. संध्याकाळी त्यांनी सांगून करून घेतलेला पीसीव्हीचा रिपोर्ट टेबलावर होता: अडतीस. लघवी वाढवायचं इंजेक्शन दिलं. पहाटेपर्यंत श्वास खाली आला. मुलगा वाचला.

छत्तीस खाटांच्या वॉर्डात रात्री एकट्या असलेल्या सिस्टरांना हे कळलं कसं? त्यांनी ते एकट्यानं केलं नव्हतं. सलाइनच्या रिकाम्या बाटलीवर मिलीच्या खुणा असतात. त्या बाटलीचं वरचं टोक कापून त्यांनी ती मुलाच्या आईच्या हातात दिली होती. ‘ताई, ह्याला लागली की ह्यात धरायची, कुठल्या रेघेपर्यंत आली ते लिहायचं, मग ओतायची.’ आत गेलेलं आणि बाहेर आलेलं, दोन्हींचं माप एकच बाटली. चार तासांत लिहिलेल्या आकड्यांची बेरीज बाटलीभर झाली, तेव्हा आईच उठून सिस्टरांकडे गेली होती.

हे नवीन नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. रुग्णालयाच्या दोन खोल्यांत मावणार नाहीत इतके रुग्ण जमिनीवर पडलेले होते आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात पुड्या बांधून घेतल्या: लिटरभर पाण्याला बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. पाणी पिंपांत कालवलं आणि मग भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात दिले. ग्लुकोजबरोबर मीठ आतड्यातून शोषलं जातं आणि मागोमाग पाणीही, हे तोवर शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. पण अशिक्षित आईला ते जमेल, यावर विश्वास नव्हता. छावण्यांमध्ये पटकीनं शंभरात तीसच्या आसपास मरत होते. महालनबीसांच्या देखरेखीखालच्या तीन हजारांहून अधिक रुग्णांत ते प्रमाण चारच्या खाली आलं. याचं श्रेय पुडीला दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण लीथमध्ये नव्हतं ते बनगावात होतं: प्रत्येक रुग्णाजवळ हातात मग घेऊन बसलेलं, जुलाब झाला की पुन्हा मग भरणारं, उठून न जाणारं माणूस.

आपल्या सरकारी वॉर्डात रात्री दहाला पहारेकरी येतो आणि नातेवाइकांना बाहेर काढतो. दिवसा आपण त्यांना औषधाच्या दुकानात, लॅबमध्ये, रक्तपेढीत पळवतो. खाटेशी त्यांना काम देत नाही. यंत्रांच्या खरेदीला निधी निघतो, उद्घाटनं होतात. आणि रात्रपाळीची रिक्त पदं वर्षानुवर्षं तशीच राहतात. मला कुणी विचारलं, की तालुक्याच्या रुग्णालयाला एक मॉनिटर देऊ की रात्रीची एक सिस्टर, तर मी क्षणभरही विचार न करता सिस्टर मागेन. तिच्या जोडीला प्रत्येक खाटेशी घरचं एक माणूस, त्याच्या हातात मापाची बाटली आणि पेन्सिल. सिस्टरांचं काम त्यांच्यावर ढकलायला नाही. सिस्टरांना कुठल्या खाटेकडे आधी धावायचं ते कळावं म्हणून. नख दाबून सोडलं की पांढरं झालेलं दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं का, हे कुणालाही पाच मिनिटांत शिकवता येतं.

त्या पहाटे मुलगा झोपल्यावर मी त्याच्या आईजवळचा कागद मागून घेतला. जुन्या कॅलेंडरचं पान होतं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं वेळ आणि आकडा, वेळ आणि आकडा. माझ्या केसपेपरवर त्या दिवसाच्या रकान्यात फक्त प्लेटलेट होत्या. मी तिचे आकडे एकेक करून त्यात उतरवून घेतले. लिहून झाल्यावर पान परत दिलं तेव्हा तिनं विचारलं, ‘अजून लिहू का, साहेब?’

‘लिहा,’ म्हणालो, आणि बाहेर जाऊन तिच्यासाठी दुसरी पेन्सिल आणली. तिच्या पेन्सिलीचं टोक संपत आलं होतं.